पावसाळ्यात कंट्रोलही चमकतो: कालवांच्या अंडपेशींमधलं नवं प्रोटीन मोजताना

मिरग लागला की ही तक्रार ठरलेली. मे अखेरपर्यंत नीट चाललेला प्रयोग जूनच्या मध्याला बिघडतो. अंडपेशींत किती नवं प्रोटीन तयार होतंय ते बघायला खूण घातलेली नळी चमकते, आणि ज्या नळीत सायक्लोहेक्सिमाइड घालून प्रोटीन बनणंच थांबवलंय तीही, म्हणजे तुलनेसाठीचा कंट्रोलही, जवळजवळ तेवढीच चमकते. आलेखातले दोन्ही खांब एका उंचीचे. मग रंगाचं किट बदललं जातं, नवं मागवलं जातं, ते पुण्या-मुंबईहून बर्फात पोचेपर्यंत आणखी पंधरवडा जातो, आणि नवं किटही तेच दाखवतं. गणपती झाले, पाऊस ओसरला, की ऑक्टोबरात सगळं आपोआप सुरळीत. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

रत्नागिरीपासून मालवणपर्यंत खाडीकाठच्या कॉलेजांतून कालवं, तिसऱ्या, शिनाणे या शिंपल्यांच्या अंडपेशींवर काम करणाऱ्या मुलांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय की आता पहिला प्रश्न किटचा विचारतच नाही. पहिला प्रश्न हा: चमकतंय कोण? अंडं, मेलेलं अंडं, अंड्याला चिकटलेले जिवाणू, धुवून न गेलेला रंग, की अंड्यातलं पिवळं बलक? यंत्राला हे पाचही सारखेच. ते प्रकाश मोजतं, प्रोटीन मोजत नाही. पावसाळ्यात या पाचांपैकी निदान तिघांचा जोर वाढतो.

आधी पद्धतीबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कळेल. जुनी रीत किरणोत्सारी मेथिओनिनची. मेथिओनिन म्हणजे प्रोटीनच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल. गंधक-३५ लावलेलं मेथिओनिन पेशींना द्यायचं, ते नव्या प्रोटीनमध्ये गुंफलं जातं, मग जेलवर (तिथे प्रोटीनं आकारानुसार वेगळ्या पट्ट्यांत पसरतात) किंवा किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरमध्ये मोजायचं. रीत अजूनही खणखणीत आहे, पण तिला परमाणु ऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, वेगळी खोली आणि कचऱ्याची वेगळी व्यवस्था लागते. छोट्या कॉलेजला ते झेपत नाही. म्हणून बहुतेकजण एचपीजी किंवा ओपीपी वापरतात. एचपीजी हा मेथिओनिनसारखा दिसणारा रेणू, रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, त्याला मेथिओनिन समजून साखळीत बसवतो. ओपीपी हा प्युरोमायसिन या अँटिबायोटिकचा भाऊ. तो वाढत्या साखळीच्या टोकाला चिकटतो आणि साखळी तिथेच तोडतो. दोघांनाही एक अल्काइनची शेपटी असते. पेशी स्थिर केल्यावर, म्हणजे रसायनाने आहे तशी आवळल्यावर, तांब्याच्या मदतीने त्या शेपटीला चमकणारा अ‍ॅझाइड रंग जोडायचा. हीच ती क्लिक रसायनाची जोडणी. तांब्याची ही रीत मेल्डाल आणि शार्पलेस यांची, जिवंत पेशींत चालणारी तांब्याशिवायची बर्टोझी यांची, आणि २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं.

दोघांत फरक आहे आणि तो निदानाला उपयोगी पडतो. ओपीपी अर्ध्या तासात काम करतो, पण पेशीला विषारी आहे, आणि तो साखळ्या मोजतो: लांब प्रोटीन असो की आखूड, एका साखळीला एकच खूण. एचपीजीला जास्त वेळ लागतो, पेशी जगते, पण ज्या प्रोटीनमध्ये मेथिओनिन जास्त ते जास्त उजळ दिसतं. माझं मत विचाराल तर कालवाच्या अंड्यांसाठी सुरुवात ओपीपीने करावी. वेळ कमी, म्हणून मधल्या मध्ये बिघडायलाही वाव कमी.

आता मूळ दुखण्याकडे.

स्लाइड आधी डोळ्यांनी बघा, सरासरी नंतर काढा. बहुतेक मुलं प्लेट रीडरमध्ये, म्हणजे एकूण चमक मोजणाऱ्या यंत्रात, नळीभर अंड्यांचा एकच आकडा घेतात आणि तिथेच फसतात. तीच अंडी सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. कालव उघडून जननग्रंथीतून काढलेली ताजी अंडी सुरुवातीला पेरूसारखी निमुळती असतात, एका टोकाला लहानशी शेपटी. चांगल्या समुद्राच्या पाण्यात ती हळूहळू गोल होतात. मध्ये एक स्वच्छ, फिकट वर्तुळ दिसतं, ते अंडकेंद्रक. निरोगी अंड्यात पाऊण-एक तासात त्याची कड पुसट होऊन ते विरघळतं, म्हणजे अंडं पुढच्या विभाजनाला लागलं. जे अंडं काळपट, दाणेदार दिसतंय, ज्याची कड फाटलीय किंवा जे शेजारच्यापेक्षा स्पष्ट फुगलंय, ते मेलंय किंवा मरतंय. आणि फ्लोरोसन्समध्ये बघाल तर हीच मेलेली अंडी सगळ्यात जास्त चमकतात! त्यांचं आवरण फाटलेलं असतं, रंग आत शिरतो आणि मिळेल तिथे चिकटतो. शंभरातली वीस अंडी अशी असली तरी नळीचा आकडा वर जातो. मग कोणीतरी निष्कर्ष काढतो की क्षारतेच्या ताणामुळे प्रोटीनची निर्मिती वाढली. तसं काही झालेलं नसतं, अंडी मेली आहेत एवढंच.

मोजण्याआधी त्याच तुकडीतली थोडी अंडी बाजूला काढून त्यांचं फलन करून बघा. नराचं थोडं रेत घालायचं, कोमट कोकणी पाण्यात तासाभरात पेशी दुभंगायला लागलेली दिसते. ध्रुवीय पिंड, म्हणजे अंड्याने विभाजनात बाहेर टाकलेली इवलीशी पेशी, त्याआधीच दिसतो. निम्मीसुद्धा अंडी पुढे जात नसतील तर ती तुकडी टाकून द्या, तिच्यावर महागडा रंग घालू नका. ही चाचणी फुकट आहे आणि तरी ती कोणी करत नाही.

अंडी मरतात कशाने? इथे पाणी येतं.

पावसात काजळी, शास्त्री, मुचकुंदी या नद्या लाल पाणी घेऊन उतरतात. भाट्ये, जयगड, पूर्णगडच्या खाड्यांचं वरचं पाणी ओहोटीला गोडं व्हायला लागतं. कालवं वेचणाऱ्या मावशींना हे कोणी शिकवावं लागत नाही, पावसातली कालवं दिवस-दिवस शिंपा मिटून बसतात हे त्या सांगतातच. कालवाला आपल्या अंगातल्या पाण्याची क्षारता स्वतः टिकवता येत नाही, ती बाहेरच्या पाण्याबरोबर सरकते. म्हणजे १५ क्षारतेच्या (किलोमागे सुमारे १५ ग्रॅम क्षार) पाण्यात काही दिवस काढलेल्या कालवाची अंडी तुम्ही प्रयोगशाळेतल्या ३५ च्या पाण्यात सोडली की ती आक्रसतात. उलट केलंत, भर समुद्राकडची कालवं आणून खाडीच्या पाण्यात अंडी सोडली, तर फुगतात आणि फुटतात. मेमध्ये हा प्रश्न येत नाही कारण तेव्हा खाडी आणि समुद्र यांत फारसा फरक उरलेला नसतो.

उपाय साधा आहे. रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे क्षारता दाखवणाऱ्या उपकरणाने, दोन आकडे घ्यायचे: कालव ज्या पाण्यातून काढलं त्याचा, आणि शिंपा उघडल्यावर आत साठलेल्या पाण्याचा. हे दोन नेहमी जुळतात असं नाही, कारण मिटून बसलेलं कालव आतलं जुनं पाणी धरून असतं. अंडी आतल्या आकड्याशी जुळणाऱ्या पाण्यात काढा. ३५ वर न्यायची असतील तर कालवालाच चार-सहा दिवस टाकीत पायरीपायरीने वर आणा, अंड्यांना एका उडीत नाही. वहीत रोज हे दोन आकडे लिहा. जूनमधल्या वह्यांमध्ये पाण्याचा स्रोत म्हणून नुसतं ‘समुद्राचं पाणी’ लिहिलेलं असतं. त्यावरून मागाहून काही शोधता येत नाही.

याच्याच पोटातली दुसरी चूक बारमाही आहे. अंडी स्थिर करायला फॉर्माल्डिहाइड बहुतेकजण फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) करतात, कारण माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींच्या कृतीत तसं लिहिलेलं असतं. फॉस्फेट बफरची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, ३०० च्या आसपास, समुद्राच्या पाण्याची १००० च्या आसपास. अंडं फॉर्माल्डिहाइडने आवळलं जाण्याआधीच पाणी ओढून फुटतं. शिवाय समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फॉस्फेटला भेटलं की पांढुरकं साकळतं, ते अंड्यांवर बसतं आणि रंग धरतं. द्रावण घातल्यावर नळी जरा दुधाळ झाली तर ओळखा. फॉर्माल्डिहाइड गाळलेल्या समुद्राच्या पाण्यातच करा, अंडी स्थिर झाली की मग हळूहळू बफरवर आणा. ग्लुटाराल्डिहाइड मात्र टाळा. ते स्वतःच पेशींना हिरवट चमक देतं.

आता ज्याने मला स्वतःला सगळ्यात जास्त छळलंय तो गुन्हेगार. जुलैतली एखादी कंट्रोल स्लाइड जास्त ताकदीच्या भिंगाखाली घ्या, चाळीस किंवा साठ. सायक्लोहेक्सिमाइड दिलेलं अंडं आतून काळं, जसं हवं तसं. पण त्याच्या कडेभोवती बारीक ठिपक्यांची माळ, काही ठिपके लांबट, काही जोडीने, आणि अंड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतही तेच विखुरलेले. केंद्रकाचा निळा रंग, डीएपीआय, घातला असेल तर त्या रंगातही तेच ठिपके दिसतात. हे जिवाणू आहेत. तेही प्रोटीन बनवतात, तेही एचपीजी आनंदाने खातात, आणि सायक्लोहेक्सिमाइड त्यांना काही करत नाही. ते आपल्यासारख्यांच्या रायबोसोमला अडवतं, जिवाणूंच्या नाही. प्रोटीन थांबवणाऱ्या अ‍ॅनिसोमायसिन आणि एमेटिन या दुसऱ्या औषधांचंही जवळपास तेच. तुमचा कंट्रोल बिघडलेला नसतोच. अंड्यांमधलं प्रोटीन बनणं थांबलेलंच असतं, चमक दुसऱ्याची असते.

समुद्री सूक्ष्मजीवशास्त्रातली मंडळी एचपीजी याच कामाला वापरतात, पाण्यातले कोणते जिवाणू कामाला लागलेत हे शोधायला. तेव्हा पावसाळी, गढूळ, नदीतली पालापाचोळ्याची रसद घेऊन आलेल्या पाण्यात हे होणारच होतं.

त्यावर काय करायचं? पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून त्याच दिवशी गाळायचं, कालच्या गाळलेल्या बाटलीवर विसंबायचं नाही. अंडी काढल्यावर जाळीवर धुवायची: ६० ते ८० मायक्रॉनच्या जाळीतून गाळली की ऊतीचे तुकडे वर राहतात, मग २० मायक्रॉनच्या जाळीवर धरून भरपूर स्वच्छ पाण्याने धुतली की जिवाणू आणि कालवाच्या रक्तपेशी खाली निघून जातात. कालवाचं अंडं ५० मायक्रॉनच्या आसपास, ते जाळीवर थांबतं. रक्तपेशी गेल्याचा आणखी एक फायदा असा की त्याही प्रोटीन बनवण्यात अंड्यांपेक्षा मागे नसतात, आणि जेलवर घातल्या तर त्यांचे पट्टे तुम्ही अंड्यांचे म्हणून वाचाल. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन खूण घालण्याआधी तासभर द्या. क्लोरॅम्फेनिकॉल देणारे काहीजण आहेत. ते जिवाणू थांबवतं खरं, पण पेशीतल्या मायटोकाँड्रियाचे रायबोसोमही थांबवतं, तेव्हा ते सगळ्या नळ्यांत सारखं घाला आणि वहीत नोंदवा.

एवढं करूनही ठिपके उरले तर आकडा नळीचा घेऊ नका, प्रतिमेतून अंड्याच्या आतलाच भाग निवडून घ्या. वेळ लागतो, पण मग जिवाणू हिशेबातून बाहेर जातात.

कंट्रोल किती ठेवायचे यावर कंजुषी होते, कारण रंग महाग. पण सायक्लोहेक्सिमाइडचा एकच कंट्रोल ठेवला की चूक कुठल्या पायरीवर आहे हे कळतच नाही. मी चार नळ्यांवर अडून बसतो. एकीत खूण नाही, बाकी सगळं आहे: इथे चमक दिसली तर ती रंगाची किंवा बलकाची. दुसरीत खूण आहे, रंग आहे, पण तांबं नाही: इथे चमकलं तर रंग नुसताच चिकटतोय. तिसरीत अंडी आधी फॉर्माल्डिहाइडने स्थिर करून, धुवून, मग खूण घातली: मेलेली पेशी प्रोटीन बनवत नाही, तेव्हा इथे दिसेल ती खूण चुकीने अडकलेली. चौथी सायक्लोहेक्सिमाइडसारख्या औषधाची, आणि ते औषध खुणेच्या आधी पंधरा-वीस मिनिटं घालून शेवटपर्यंत ठेवायचं. खुणेसोबत एकदम घातलं तर ते आत शिरेपर्यंत रायबोसोम काम करतच असतात. औषध ज्यात विरघळवलं ते डीएमएसओ किंवा अल्कोहोल बाकीच्या नळ्यांतही तेवढंच हवं.

तिसरी नळी स्वच्छ आणि चौथी चमकदार, असं आलं आणि जिवाणूही नाहीत, तर दोन शक्यता उरतात. पहिली: सुटा एचपीजी अंड्यात शिरलाय, प्रोटीनमध्ये गुंफला नाही, पण फॉर्माल्डिहाइडने त्याला आतच जखडून टाकलं. एचपीजीला अमाइन गट असतो आणि फॉर्माल्डिहाइड अमाइनला पकडतं, त्यामुळे थोडंफार हे होतंच. स्थिर करण्याआधी खूण नसलेल्या पाण्यात अंडी दोनदा धुवा, थोडा वेळ तशीच राहू द्या आणि शक्य असेल तर थंड मिथेनॉलने स्थिर करून बघा. मिथेनॉल सुटे रेणू धुवून नेतं. दुसरी शक्यता ओपीपी वापरणाऱ्यांसाठी. सायक्लोहेक्सिमाइड रायबोसोमचं पुढे सरकणं थांबवतं, पण प्युरोमायसिनच्या कुळातल्या रेणूला साखळीला चिकटू देतं, निदान काही प्रमाणात. थांबलेल्या रायबोसोमवरही खूण पडते. ओपीपीसोबत कंट्रोल हवा तर अ‍ॅनिसोमायसिन घ्या, ते प्युरोमायसिनची बसण्याची जागाच अडवतं. बऱ्याच ठिकाणी मात्र फ्रीजमध्ये आहे म्हणून सायक्लोहेक्सिमाइड वापरलं जातं, आणि मग महिनाभर कंट्रोल का पडत नाही याचा शोध चालतो.

आता उलटं दुखणं: काहीच चमकत नाही.

इथे संशय क्लिकच्या मिश्रणावर घ्या, आणि त्यातही सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटवर. तांबं एका विशिष्ट अवस्थेत असलं तरच जोडणी होते आणि त्याला त्या अवस्थेत ठेवायचं काम अ‍ॅस्कॉर्बेट करतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुलैत कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे अर्धवट बंद केलेली अ‍ॅस्कॉर्बेटची बाटली काय टिकणार? घरातलं मीठ ओलं होऊन गोळा होतं तशी पूड गोळा झालेली दिसली, किंवा द्रावण पिवळसर झालं, तर फेका. द्रावण त्याच दिवशी, वापरायच्या आधी करायचं. कोरडी पूड लहान कुप्यांत वाटून, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, म्हणजे एका वेळी एकच कुपी उघडली जाते. जेल निळ्याचं गुलाबी झालं की भट्टीत वाळवा. हे सगळ्यांना ठाऊक असतं, जेल मात्र वर्षानुवर्षं गुलाबीच असतं.

डीएमएसओचंही असंच. ते हवेतली ओल भराभर शोषतं. शुद्ध डीएमएसओ १८.५ अंशाला गोठतं, म्हणजे फ्रीजमध्ये ती बाटली घट्ट गोठलेली दिसायला हवी. चार अंशाला ठेवलेली तुमची बाटली सरबतासारखी हलत असेल तर तिच्यात पाणी शिरलंय. त्यात विरघळवलेल्या रंगाची आणि ओपीपीची मात्रा मग लेबलवर लिहिल्याप्रमाणे उरत नाही. त्यात वीज जाणं-येणं. वादळी वाऱ्यात फांदी तारेवर पडली की डीप फ्रीझर तासन् तास बंद, नळ्या वितळतात आणि परत गोठतात. रंग आणि खुणेचे साठे एका वापरापुरते वाटून ठेवले तर निदान वापरताना तरी उरलेला साठा परत परत वितळत नाही.

अ‍ॅस्कॉर्बेट ठीक, डीएमएसओ ठीक, तरी अंधार? मग बफर बघा. अंड्यांवरची चिकट आवरणं सोडवायला कॅल्शियमविरहित पाण्यात ईडीटीए (धातूचे कण पकडून ठेवणारं रसायन) घालण्याची रीत आहे. ते ईडीटीए नीट धुतलं गेलं नाही तर क्लिकच्या मिश्रणातलं तांबंच गिळून बसतं. दुसरा छुपा शत्रू सोडियम अ‍ॅझाइड. बफर सडू नये म्हणून कोणी तरी कधी तरी घातलेलं असतं. तो रंगाच्या अ‍ॅझाइडशी स्पर्धा करतो आणि अल्काइनची शेपटी स्वतःच अडवतो. बाटलीवर नाव नसलेला बफर क्लिकला वापरू नका.

मिश्रण चालतंय की नाही हे पडताळायला वेगळं काही विकत आणायची गरज नाही. त्याच कालवाच्या कल्ल्याचा एक लहान तुकडा अंड्यांसोबत त्याच नळीतून न्या. शिंपल्यांचे कल्ले पाण्यात विरघळलेली अमिनो आम्लं जोरात ओढून घेतात, तेव्हा एचपीजी तिथे पोचतोच. कल्ला उजळ आणि अंडी काळी, तर रसायन ठीक आहे, अडचण अंड्यात खूण शिरण्याची आहे. दोन्ही काळे, तर रसायन बिघडलंय. कल्ल्यावर जिवाणूही असतात म्हणून तो तुकडा आधी अँटिबायोटिकच्या पाण्यात ठेवलेला बरा.

अंड्यात खूण शिरली तरी चमक मंद असण्याचं एक नैसर्गिक कारण आहे. समुद्री शिंपल्यांच्या अंड्यांत सुट्या अमिनो आम्लांचा मोठा साठा असतो, क्षारतेशी तोल सांभाळायला. त्यातला मेथिओनिनचा भाग थोडा असला तरी तो एचपीजीच्या वाटेत उभा असतो. पाण्यातून मेथिओनिन काढायचा प्रश्न इथे नाहीच, समुद्राच्या पाण्यात ते नावालाच असतं. पण आतला साठा तुम्ही काढू शकत नाही. म्हणून दोन वेगवेगळ्या मोसमांतल्या अंड्यांच्या एचपीजीच्या आकड्यांची थेट तुलना करू नये. ओपीपी या साठ्याशी स्पर्धा करत नाही, त्याची बाजू घेण्याचं माझं आणखी एक कारण.

जे शेळीच्या अंडाशयांतून अंडपेशी काढून काम करतात, कोंकण कन्याळ जातीवर वगैरे, त्यांचा प्रश्न याच्या उलट. त्यांच्या माध्यमात मेथिओनिन भरपूर असतं आणि सीरममधून आणखी येतं. एचपीजी घालण्याआधी अर्धा-पाऊण तास मेथिओनिनविरहित माध्यमात ठेवल्याशिवाय काही दिसणार नाही. आणि भोवतीच्या क्युम्युलस पेशी काढल्याशिवाय मोजलंत तर आकडा त्यांचाच. क्षारतेची भानगड त्यांना नाही, एवढंच त्यांचं सुख.

बलकाच्या चमकेबद्दल: कालवाच्या आणि शिनाण्याच्या अंड्यांतले बलककण हिरव्या रंगात स्वतःहून चमकतात. शिनाण्याच्या मादीची ग्रंथी तर कॅरोटिनॉइड्समुळे डोळ्यांनीच भगवी दिसते. हिरव्या रंगाचा अ‍ॅझाइड घेऊन भांडत बसण्यापेक्षा लांब लाल पल्ल्यातला, ६४७ क्रमांकाचा रंग घ्या. कॅमेऱ्याचं आपोआप उजेड ठरवणं बंद करा, सगळ्या स्लाइड एकाच एक्स्पोजरला. प्रखर अंडी पांढरी होऊन सपाट झालेली दिसली तर एक्स्पोजर कमी करून पुन्हा सगळ्याच घ्या, फक्त तेवढीच नाही.

वेळेचं एक राहिलं. अंडं पाण्यात पडल्यापासून त्याचं काम बदलत असतं. केंद्रक शाबूत असताना प्रोटीन निर्मितीचा वेग एक, ते विरघळल्यावर दुसरा, फलनानंतर आणखी वेगळा. सकाळची नळी अंडी काढल्यावर वीस मिनिटांनी आणि दुपारची दोन तासांनी खूण घातली, तर तुम्ही दोन वेगळ्या अवस्था मोजताय. शिवाय एकूण आकडा आतली उलथापालथ झाकतो. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट यांनी १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होलला सी अर्चिनच्या फलित अंड्यांना किरणोत्सारी मेथिओनिन देऊन दर काही मिनिटांनी नमुने जेलवर चालवले, तेव्हा बाकीचे पट्टे गडद होत चालले असताना एक पट्टा वाढत जाऊन विभाजनाच्या वेळी नाहीसा होताना दिसला. तेच सायक्लिन, पेशीविभाजनाचा ताल सांभाळणारं प्रोटीन. २००१ च्या नोबेलमध्ये त्या शोधाचा वाटा आहे. नळीभर अंड्यांची एकूण चमक मोजली असती तर त्यांना तो पट्टा दिसला नसता. क्लिकच्या खुणेवरही जेल चालवता येतं, चमकणारा रंग जोडून जेल सरळ स्कॅनरवर ठेवायचं. कंट्रोल स्वच्छ झाला की हे एकदा जरूर करा. जिवाणूंची भेसळ असेल तर तीही तिथे ओळखू येते, औषध दिलेल्या नळीतही टिकून राहणाऱ्या पट्ट्यांवरून.

पाण्यासाठी शेवटी एकच पक्कं करता येतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. त्या काळात बाहेरून खोल समुद्राचं पाणी आणून द्यायला कोणी मिळत नाही आणि किनाऱ्यावरचं पाणी वापरण्यालायक नसतं. म्हणून आगोटीचं सामान भरताना मे महिन्यात पाण्याचीही आगोट करा. उधाणाच्या भरतीला, खाडीच्या तोंडापासून लांब, होडीतून बाहेरचं पाणी घ्या, कॅन आधी त्याच पाण्याने खंगाळून. जाडसर गाळून काळ्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवा, वापरायच्या दिवशी ०.२२ मधून गाळा. कॅनवर तारीख, ठिकाण आणि क्षारता लिहा, झाकणावर नाही, झाकणं बदलतात. एका प्रकल्पाला पावसाळाभर दर आठवड्याला किती पाणी लागतं ते एप्रिलमध्येच मोजून ठेवा, धुण्याचं पाणी धरून. धुण्यालाच सगळ्यात जास्त लागतं आणि तेच हिशेबात राहून जातं.